कर्नल साइक्स आणि दख्खनचे मासे

इंग्रजी वाचनपुस्तकांत ट्राउट नावाच्या माशाचा उल्लेख वारंवार येतो, आणि प्रतिवर्षी वरच्या वर्गांतील कोणी ना कोणी विद्यार्थी आम्हांस विचारतोच की, हा मासा आपल्या वैनगंगेत असतो काय. प्रश्न साधा आहे; पण त्याचे उत्तर देता देता एका विस्मृतप्राय गृहस्थाचे चरित्र सांगावे लागते, म्हणून ह्या अंकातील काही पाने आम्ही त्या कामी खर्च करीत आहो.

प्रथम ट्राउटविषयी. हा विलायतेतील थंड, खळाळत्या नद्यांचा व डोंगरांतील सरोवरांचा मासा. पाण्यावर उतरणारे बारीक कीटक टिपून खाण्याची त्यास फार आवड असते, आणि तिचाच फायदा घेऊन त्यास पकडण्याची एक निराळी कला तेथील लोकांनी सिद्ध केली आहे. गळास गांडूळ किंवा पिठाची गोळी लावण्याऐवजी त्यावर रेशमाचा धागा व पाखरांची बारीक पिसे गुंडाळून माशीचे सोंग तयार करतात. हे सोंग इतके हलके असते की, ते स्वतःच्या वजनाने दूर जात नाही. म्हणून दोरीच जड ठेवतात. लवचिक काठीच्या झोक्याने ती दोरी हवेत मागेपुढे खेळवून अखेर माशी अशी उतरवितात की, ती आपण होऊनच पाण्यावर बसली असे माशास वाटावे. ह्या विद्येवर इंग्लंडात पाचशे वर्षांहून अधिक काळ लेखन होत आले आहे. आमच्या ढिवर बंधूंस हा सारा खटाटोप पाहून हसू येईल. पण ज्याने पोटासाठी जाळे टाकावयाचे आणि ज्याने करमणुकीसाठी काठी धरावयाची, त्या दोघांच्या घाईत अंतर असणारच.

ट्राउटला पाणी बाराही महिने थंड लागते. वैशाखात चांद्यास पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, नद्यांचे डोह कोमट होतात. तेथे तो जगणे शक्य नाही. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास काश्मीरात व निलगिरीवर हा मासा बाहेरून आणून रुजविण्यात आला. परंतु दख्खनच्या पठारावर किंवा आमच्या अरण्यप्रदेशात तो केव्हाही नव्हता व आजही नाही. इकडे आलेल्या हौशी इंग्रजांनी त्याची तहान महाशीर ह्या बलाढ्य माशावर भागविली. मद्रासकडील हेन्री सुलिवन टॉमस ह्या अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, त्यात महाशीराचा मोठा मान आहे. पण त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी एक इंग्रज सैनिक दख्खनच्या नद्यांच्या काठी, केवळ मासा पकडण्यासाठी नव्हे, तर त्यास इकडचे लोक काय म्हणतात हे टिपून घेण्यासाठी थांबत होता. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स ह्यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. वयाच्या चौदाव्या वर्षीच, म्हणजे १८०३ साली, त्यांस ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील सैन्यात नेमणूक मिळाली. ज्या वयात आमचे विद्यार्थी भूमितीच्या पहिल्या सिद्धांतांशी झगडत असतात, त्या वयात हा मुलगा समुद्र ओलांडून परमुलखात आला, आणि लवकरच लॉर्ड लेक ह्यांच्या हाताखाली भरतपूरच्या वेढ्यात हजर होता. तो वेढा १८०५ साली फसला हे इतिहासात सर्वांनी वाचले आहे. ह्यापुढील लढायांपेक्षा १८१० सालची एक गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. त्या साली साइक्स हिंदुस्थानी व मराठी ह्या दोन भाषांची दुभाष्याची परीक्षा उतरले. पुढे त्यांच्या हातून जे काम झाले त्याचे बीज ह्या परीक्षेत आहे असे म्हणावयास हरकत नाही. मराठी येत नसती, तर नदीकाठच्या माणसाशी त्यांनी बोलावे तरी कसे?

मात्र त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवणे योग्य नव्हे. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकी येथे पेशव्यांची फौज व इंग्रज ह्यांचे युद्ध झाले, त्यात व त्यानंतरच्या पुण्याच्या लढाईत साइक्स कंपनीच्या देशी पलटणीचे नायकत्व करीत होते. डोंगरी किल्ले घेण्याच्या कामातही ते होते. म्हणजे ज्या मुळा-मुठेच्या काठी पेशवाईचा शेवट झाला, त्याच मुळा-मुठेचे मासे पुढे त्यांनी शास्त्रास परिचित करून दिले. एकाच माणसाच्या हातून ह्या दोन्ही गोष्टी घडाव्यात ह्याचे आम्हांस नवल वाटते. पण त्या काळच्या पुष्कळ इंग्रजांचे असेच आहे, आणि एक बाजू दाखविताना दुसरी झाकली तर ते चरित्र न होता स्तोत्र होईल.

युद्धे संपल्यावर साइक्स काही वर्षे युरोपात फिरून आले. १८२४ साली मुंबईचे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांनी त्यांस एक नवीन काम दिले. नव्याने हाती आलेल्या दख्खनची सर्व प्रकारची गणती करावयाची, आणि ती पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड ह्या चारही जिल्ह्यांत फिरून करावयाची. गावे किती, घरे किती, माणसे किती, नांगर किती, जमिनीची मालकी कोणत्या रीतीची, मजुरी काय, पाऊस किती, हवेचा दाब केव्हा चढतो व केव्हा उतरतो, हे सर्व त्यांनी पाहावयाचे. ते पुढील सहा वर्षे दख्खनभर हिंडले. १८२९ च्या अखेरीस सरकारने काटकसरीसाठी ही जागाच मोडून टाकली. दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणून स्वस्थ बसता. साइक्स ह्यांनी उलट रजा मागून घेतली आणि जागा नसताना, आपल्या खुशीने, उरलेले काम चालू ठेवले. ते १८३१ च्या जानेवारीत संपले तेव्हा मगच ते विलायतेस गेले. हा प्रसंग आम्हांस त्यांच्या साऱ्या पदव्यांहून मोलाचा वाटतो.

गणतीच्या ह्या फिरतीत त्यांनी जनावरे, पाखरे व मासे ह्यांचाही संग्रह केला. त्या काळी दख्खनमधील प्राण्यांची शास्त्रीय माहिती फारच थोडी होती. साइक्स ह्यांनी पशूंची व पक्ष्यांची यादी १८३०च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळीपुढे ठेवली. तीत एक प्राणी आमच्या मुलांच्या चांगल्या ओळखीचा आहे. ताडोब्याच्या अरण्यात कळप करून हरणामागे धावणारे तांबूस रानकुत्रे, ज्यांस आपण कोळसून म्हणतो, त्यांचे वर्णन साइक्स ह्यांनी १८३१ साली केले व त्यांच्या शास्त्रीय नावात दख्खनचे नाव घातले. दख्खनच्या रानातील रेशमाच्या किड्यावरही त्यांनी निबंध लिहिला. तो टसराचा, म्हणजे आपल्याकडील कोशाचाच भाऊबंद. आरमोरीकडे ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसण्याचे काम बहुधा ढिवर लोकच करतात, हे तिकडील पालकांस सांगावयास नको. नदी आणि रान ही दोन्ही ज्यांच्या उपजीविकेची, त्या लोकांचे ज्ञान साइक्स ह्यांच्या लिखाणात जागोजाग डोकावते.

आता माशांकडे वळू. साइक्स ह्यांनी पाहिलेले मासे मुख्यत्वे भीमा नदी व तिला मिळणाऱ्या मुळा, मुठा इत्यादी नद्यांतील, म्हणजे समुद्रापासून पुष्कळ उंच असलेल्या पठारावरील आहेत. चाळीसहून अधिक जातींचे वर्णन त्यांनी केले व चित्रेही दिली. १८३८-३९ च्या सुमारास त्याचा सारांश प्रसिद्ध झाला आणि १८४१ साली सबंध निबंध. दख्खनच्या माशांवरील हा पहिला विस्तृत शास्त्रीय लेख होय.

नव्या जातीस शास्त्रात दुहेरी लॅटिन नाव द्यावे लागते, आणि ते देण्याचा मान शोधकाचा असतो. त्या मानाचा उपयोग साइक्स ह्यांनी दोन प्रकारे केला. काही नावे त्यांनी आपल्या लंडनच्या विद्वान मित्रांच्या सन्मानार्थ ठेवली. पुण्याच्या नदीतील एका प्रचंड, रुंद जबड्याच्या माशास यारेल ह्यांचे नाव मिळाले. हे यारेल विलायती माशांवरील ग्रंथाचे प्रसिद्ध कर्ते. ऑगिल्बी, व्हिगर्स, चिल्ड्रेन ही नावेही अशीच. परंतु बाकीच्या कित्येक जातींस त्यांनी नदीकाठी ऐकलेले नावच देऊन टाकले. शिंगटी हा मिशाळ, काटेरी मासा आमच्याकडे लहान मुलासही ठाऊक असतो. साइक्स ह्यांनी त्याच्या एका जातीचे शास्त्रीय नाव शिंगटी हेच ठेवले, आणि ते आजही चालू आहे. फुलंगी, कोळस, मुरे, टाकरी, गोगरा, कुटरणी ही नावे त्यांच्या निबंधात आहेत. ती ज्या रोमन अक्षरांत त्यांनी लिहिली त्यावरून मूळ उच्चार नेमका कसा होता हे सर्वत्र सांगवत नाही, कारण लिहिणाऱ्याचा कान अखेर इंग्रजाचा. तरी बोल आपलेच आहेत हे वाचताक्षणी कळते. एका माशाचे नाव तर त्यांनी अशा अक्षरांनी लिहिले आहे की, त्या काळचे इंग्रज गावच्या पाटलाचा हुद्दा नेमक्या त्याच अक्षरांनी लिहीत. रोहटी ह्या नावास तर त्यांनी सबंध कुळाचा मान दिला. रोहटी ऑगिल्बी हे नाव उच्चारून पाहावे: पहिला शब्द दख्खनच्या नदीकाठचा, दुसरा लंडनच्या मंडळीच्या चिटणिसाचा, आणि दोघे एका चपट्या, चांदीसारख्या माशाच्या पाठीवर शेजारी शेजारी बसले आहेत!

ही रीत साइक्स ह्यांनीच शोधून काढली असे मात्र नव्हे. त्यांच्या आधी १८२२ साली डॉक्टर फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन ह्यांनी गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात रोहू, कटला इत्यादी नावे तिकडील लोकांच्या तोंडचीच घेतली आहेत. परंतु मराठी बोलाच्या वाट्यास हे भाग्य मुख्यत्वे साइक्स ह्यांच्यामुळे आले. आम्हांस एका गोष्टीची रुखरुख मात्र वाटते. माशांची नावे राहिली. ज्या भोयांनी व कोळ्यांनी ती सांगितली त्यांपैकी एकाचेही नाव त्या माशांच्या नावांत उमटले नाही. यारेल ह्यांनी मुळा-मुठा कधी पाहिली नाही, पण त्यांचे नाव तिच्या सर्वांत मोठ्या माशांपैकी एकास लागले. ज्याच्या जाळ्यात तो आला तो अनामिकच राहिला.

विलायतेस गेल्यावर साइक्स १८३३ साली कर्नलच्या हुद्द्यावर निवृत्त झाले, आणि तेथून त्यांचे दुसरे, मोठ्या मानमरातबाचे आयुष्य सुरू झाले. १८३४ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि त्याच साली लंडनची संख्याशास्त्र मंडळी स्थापन करणाऱ्यांतही ते होते. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध १८३५ साली रॉयल सोसायटीने छापला. पुढे चिनी यात्रेकरू फाहियान ह्याच्या प्रवासाच्या आधारे त्यांनी प्राचीन हिंदुस्थानातील बौद्ध धर्माविषयी लिहिले. १८४० साली ते कंपनीच्या संचालकांत आले, १८५६ साली अध्यक्ष झाले, आणि १८५७ पासून मरेपर्यंत स्कॉटलंडातील ॲबर्डीन शहराचे पार्लमेंटातील प्रतिनिधी होते.

ते संचालक असतानाच, १८५४ साली, कंपनीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि त्याबरोबर चांदाही इंग्रजांकडे गेला. चार वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, बाबुराव शेडमाके ह्यांस चांद्यास फाशी देण्यात आले. ज्या सभेने हे राज्य बुडविले तीत आमचे चरित्रनायक बसत असत, हे आम्ही येथे नोंदून ठेवतो.

आमच्या प्रदेशाशी त्यांचा दुसरा संबंध मात्र अगदी निराळ्या जातीचा आहे, आणि तो आला पुन्हा एका माशाच्या द्वारे. सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या डाव्या तीरावर कोटा नावाचे लहानसे गाव आहे. त्या वेळी तो मुलूख निजामाचा होता. इंग्रजांकडे तो १८६० साली आला. तेथे दगडी कोळसा सापडेल ह्या आशेने निजामाच्या पदरच्या इंग्रज डॉक्टरांनी शोध चालविला होता. कोळशाने त्यांस म्हणावे तसे यश दिले नाही, पण चुनखडीच्या थरांत माशांचे ठसे सापडले. ते नमुने लंडनला साइक्स ह्यांच्याकडे पोहोचले. दख्खनच्या माशांविषयी बोलण्याचा अधिकार लंडनात त्यांच्याइतका दुसऱ्या कोणास असणार? त्यांनी ते भूगर्भशास्त्र मंडळीपुढे ठेवले, सर फिलिप एगर्टन ह्या तज्ज्ञाने त्यांचे वर्णन केले, आणि १८५१ साली हा वृत्तान्त छापून निघाला. माशास लेपिडोटस डेक्कनेन्सिस असे नाव मिळाले. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ खवल्यांचा, आणि खरोखरच त्याच्या अंगावर जाड, चकाकणाऱ्या, चौकटीसारख्या खवल्यांचे चिलखत असे. पंधरा कोटी वर्षांहूनही पूर्वी, जेव्हा ह्या भागात महाकाय सरडे वावरत होते, तेव्हा हा मासा येथील गोड्या पाण्यात पोहत होता. पुढे नागपूरचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व रेव्हरंड रॉबर्ट हंटर ह्यांनीही नागपूर-चांद्याकडील खडकांचा अभ्यास केला. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून वारले.

कोट्याच्या माशास नाव सांगणारा कोणी कोळी नव्हता. साइक्स ह्यांच्या साऱ्या माशांत हाच एक असा की, ज्यास कोणी माणसाने कधी हाक मारली नव्हती.

साइक्स १६ जून १८७२ रोजी वारले. त्यांच्या माशांचे पुढे काय झाले हे सांगितल्याविना आम्हांस लेखणी खाली ठेवता येत नाही. मुळा-मुठा आता मोठ्या शहरातून वाहते. शहराचे सांडपाणी तीत येते. अलीकडे प्राणिशास्त्रज्ञांनी तेथे पुन्हा पाहणी केली तेव्हा साइक्स ह्यांच्या यादीतील कित्येक जाती त्यांस मिळाल्या नाहीत. म्हणजे ज्या पाण्यात त्या प्रथम शास्त्रास दिसल्या, तेच पाणी त्यांस पारखे झाले. खुद्री नावाच्या महाशीराची कथा आणखी चमत्कारिक आहे. हेही नाव साइक्स ह्यांचेच, मासा पुण्याच्या पूर्वेस त्याच नदीत मिळालेला. १९७० च्या सुमारास लोणावळ्यास टाटांच्या तलावांवर डॉक्टर चं. वि. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या माशाची अंडी कृत्रिम रीतीने फलवून पिले वाढविण्यात यश मिळविले. लाखो पिले दूरदूरच्या नद्यांत सोडण्यात आली, आणि जातीचा नाश टळला म्हणून सर्वांस आनंद झाला. परंतु कावेरीत ही पिले गेल्यावर तेथील मूळचा पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मागे पडत गेला, व आता तो नष्ट होण्याच्या पंथास लागला आहे. चांगल्या हेतूने सोडलेला परका मासा घरच्या माशास कसा भारी पडतो ह्याचे हे उदाहरण आहे, आणि वैनगंगेत ट्राउट आणून का सोडू नये असे विचारणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यास त्यातच दुसरे उत्तर मिळेल.

आमच्या नद्या भीमेला मिळत नाहीत. वर्धा, वैनगंगा व इंद्रावती ह्यांचे पाणी गोदावरीत जाते. तरी साइक्स ह्यांच्या माशांपैकी काही दोन्ही खोऱ्यांत आहेत. तो रोहटीही गोदावरीत आढळतो. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही काही विद्यार्थ्यांसह आठवड्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या बायांजवळ बसलो आणि नावे उतरून घेतली. वाम, मरळ, शिंगटी येथवर सर्व सुरळीत चालले. नंतर टोपलीच्या तळाशी एक चपटा, रुपेरी, हाताच्या पंजाएवढा मासा निघाला. त्यास एका बाईने एक नाव सांगितले, शेजारणीने तेथल्या तेथे दुसरे. पहिली म्हणाली की, ही नदीपलीकडची, हिला काय ठाऊक. आणि दुसरीही तेच म्हणाली. आमच्या बरोबरच्या मुलाने, ज्याचे वडील स्वतः जाळे टाकतात, वहीत दोन्ही नावे लिहून घेतली, आणि त्यांपुढे दोघींचीही नावे लिहिली.